उमेदवार आणि अर्जांतील कोरा रकाना

पुणें-नाशिक रस्त्यानें खेड ओलांडून घाट चढून वर गेलें, कीं मंचरच्या अलीकडे पेठ हें गांव लागतें. सातगांव पठारावरचें हें एक मोठें ठिकाण. पाऊस पडला, कीं येथील शेतकरी बटाट्याच्या लागवडीस लागतो. बियाणें मंचरच्या बाजारांतून आणतात, आणि तेथें तें थेट पंजाबांतून आलेलें असतें. अशाच एखाद्या घरांतला मुलगा मंचरच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षास असतो आणि नोकरीचा अर्ज भरावयास बसतो. नांव, जन्मतारीख, शिक्षण, गुण हे रकाने तो भराभर भरतो. ‘अनुभव’ या रकान्यापाशीं मात्र त्याचा हात थांबतो. थोडा वेळ विचार करून तो तेथें ‘नाहीं’ एवढाच शब्द लिहितो आणि कागद पुढें सारतो.

हा ‘नाहीं’ कितपत खरा आहे, आणि तो लिहिण्याची पाळी मुलांवर केव्हांपासून आली, याचा इतिहास मनोरंजक आहे. आणि थोडा कडवटही आहे.

नोकरी मागणाऱ्यास मराठींत ‘उमेदवार’ म्हणतात. शब्द फारसी. उमेद म्हणजे आशा, आणि ती बाळगणारा तो उमेदवार. ‘अर्ज’, ‘शिफारस’, ‘दाखला’ हे त्याचे सोबतीही अरबी-फारसीच्या वाटेनेंच आलेले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांनीं राज्यव्यवहारकोश रचून दरबारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी अर्ज आणि उमेदवार हे दोन शब्द मराठींतून हलले नाहींत. ज्याच्या पदरीं आशेखेरीज दुसरें कांहीं नाहीं, त्यास याहून नेमकें नांव मिळालें नसतें, हेंही त्याचें एक कारण असावें.

अशा उमेदवारांत मराठी मुलुखानें सर्वांत अधिक आठवणींत ठेवलेला मुलगा म्हणजे बाळाजी आवजी चित्रे. बखरींची परंपरा अशी, कीं बाळाजीचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरीं होते. सिद्दीची गैरमर्जी होऊन ते मारले गेले, आणि त्यांचीं बायकामुलें विकण्यासाठीं गलबतावर चढविण्यांत आलीं. राजापुरास मुलांच्या मामानें त्यांस सोडवून घेतलें. बाळाजी तेथें लिहिण्याचें काम करूं लागला, आणि त्यानें चाकरीविषयीं शिवाजी महाराजांस एक पत्र धाडिलें. पत्रांत त्याला लिहितां येण्याजोगें होतें तरी काय? पराक्रम नव्हता, वतन नव्हतें, वशिलाही नव्हता. परंतु पत्राचें अक्षर मोत्यांसारखें होतें आणि मजकूर सुटसुटीत होता. महाराजांनीं अक्षर पाहिलें आणि मुलास आपल्या पदरीं घेतलें. पुढें हाच बाळाजी स्वराज्याचा चिटणीस झाला, आणि मोडीचें ‘चिटणिशी वळण’ परंपरेनें त्याच्याच नांवावर मांडलें गेलें. त्याच्या अर्जांत कामाचें वर्णन नव्हतें. जें काम मागावयाचें, त्याचा नमुनाच त्यानें पाठविला होता.

कोऱ्या कागदाची गोष्टही याच बाळाजीची सांगतात. लिहावयास सांगितलेलें पत्र कामाच्या गर्दींत राहून गेलें. महाराजांनीं तें वाचावयास सांगितलें, तेव्हां त्यानें कोरा कागद हातीं धरून सगळा मजकूर न अडखळतां म्हणून दाखविला. गोष्ट खरी असो वा नसो, उमेदवारांनीं तिचा अर्थ उलटा घेऊं नये. कोरा कागद वाचून दाखविण्याचा अधिकार बाळाजीस आधींच्या भरलेल्या कागदांनीं मिळाला होता.

याच्या सुमारें पावणेदोनशें वर्षें आधीं, १४८२ च्या आसपास, इटलींत लिओनार्दो दा विंची यानें मिलानच्या लुदोविको स्फोर्झा यास असेंच चाकरीचें पत्र लिहिलें. लिओनार्दोचें वय तेव्हां तिशीचें. हलके पूल, तोफा, झांकलेले रणगाडे आपण करूं शकतों, असें त्यानें कलमवार मांडलें. आपण चित्रेंही काढतों, हें अगदीं शेवटीं. युद्धयंत्रें त्यानें तोंवर फारशीं बांधलेलीं नव्हतीं. मालकास लढाईची चिंता आहे, एवढें ओळखून त्यानें पत्र रचलें. या दोन अर्जांत अधिक प्रामाणिक कोणता, हें ठरविणें कठीण नाहीं. अधिक चतुर कोणता, हेंही नाहीं.

बाळाजीसारखें अक्षर सर्वांस कोठून येणार? त्यासाठीं पंतोजीची शाळा होती. आधीं धुळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मग बोरूनें कित्ता. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. आणि मोडी कागद घडघडा वाचतां आला, कीं मुलगा ‘तयार’ झाला. त्याच्यापाशीं दाखला म्हणून कांहीं नसे. बाप किंवा चुलता त्याला कचेरींत घेऊन जाई, आणि मुलगा कोपऱ्यांत बसून बड्या कारकुनाच्या कागदांच्या नकला करी. वरिष्ठास लिहावयाच्या कागदाचा मायना काय, बरोबरीच्यास काय, जमेची बाजू कोठें, खर्चाची कोठें, हें तो तेथेंच शिके. पगार नसे. याचेंच नांव उमेदवारी. जागा मोकळी झाली, कीं जो उमेदवार रोज डोळ्यांसमोर असे, त्याचें नांव पुढें येई.

१८१८ सालीं पेशवाई गेली, पण ही चाल गेली नाहीं. इंग्रजी अमदानींत जुन्नर हा तालुका होता. आंबेगांव हा खेड तालुक्यास जोडलेला ‘पेठा’, आणि त्याची कचेरी घोडेगांवास. (या ‘पेठ्या’चा आणि पेठ गांवाचा घोटाळा करूं नये. पेठा म्हणजे तालुक्याहून लहान असा महाल, आणि त्याचा अंमलदार तो महालकरी. ज्या आंबेगांवावरून पेठ्यास नांव पडलें, तें मूळ गांव आतां डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे.) जिल्ह्याच्या कचेरीपासून महालाच्या कचेरीपर्यंत सर्वत्र बिनपगारी उमेदवार दिसत. कोणी वर्षभर, कोणी त्याहूनही अधिक काळ राबे, आणि एखाद्या कारकुनाच्या बदलीची किंवा मरणाची वाट पाही.

या जुन्या उमेदवारीची थोरवी गाण्याची एक चाल पडली आहे. माणूस काम शिकूनच जागेवर बसे, हें खरें. परंतु फुकट राबावयास घरीं खावयास असावें लागतें. ज्याचा बाप कुलकर्णी किंवा कचेरींतला कारकून, त्याला हें परवडे. पठारावरील कुणब्याच्या मुलानें दोन वर्षें बिनपगारी बसणें म्हणजे शेतांतले दोन हात कमी होणें. शिवाय तो बसावयास तयार झाला, तरी आंत नेणारें त्याच्या ओळखीचें कोण? अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस तर कचेरीची ओसरीही मोकळी नव्हती. आणि बिनपगारी उमेदवार जगे कशावर, हा प्रश्न राहतोच. कागद पुढें सरकावा म्हणून आलेल्या रयतेच्या चार पैशांवर कित्येकांची गुजराण होई. अनुभव मिळे खरा, पण तो कशाचा, हेंही पाहिलें पाहिजे.

हें दार थोडें किलकिलें केलें तें परीक्षांनीं. १८४४ सालीं गव्हर्नर-जनरल हार्डिंज यानें सरकारी नोकरींत इंग्रजी शिकलेल्यांस प्राधान्य देण्याचें ठरविलें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें. १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तींत अवघे २२ विद्यार्थी उतरले. महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकीं एक. त्याहून खालच्या पायरीवर मराठी सहावीची परीक्षा होती. ती उतरली, कीं लहानसहान सरकारी जागांचा आणि शाळामास्तरीचा मार्ग खुला होई. आतां अर्जांत लिहावयास एक ओळ मिळाली: अमुक परीक्षा, अमुक सालीं, उत्तीर्ण. ही ओळ निदान कागदावर तरी बापाच्या नांवावर अवलंबून नव्हती. तिची किंमत इतकी वाढली, कीं ‘मॅट्रिक नापास’ हीदेखील पात्रता म्हणून लोक अर्जांत लिहूं लागले. यास पुष्कळजण हंसतात. परंतु खेड्यांतून निघून मॅट्रिकच्या दारापर्यंत पोंचणें हेंच त्या काळीं मोठें काम होतें, हें हंसणाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

त्या एका ओळीसाठीं मुलें काय करीत, हें धोंडो केशव कर्वे यांनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. कर्वे १८५८ सालीं जन्मले आणि दापोली तालुक्यांतील मुरुडास वाढले. सहावीच्या परीक्षेस बसावयाचें तर साताऱ्यास जावें लागे, आणि वयाचीं सतरा वर्षें पूर्ण झालेलीं असावीं अशी अट होती. १८७५ सालीं हा मुलगा सोबत्यांबरोबर पायीं निघाला. कुंभार्लीच्या घाटानें सह्याद्रि चढून, शंभरांहून अधिक मैल तुडवून ही मंडळी साताऱ्यास पोंचली. तेथें परीक्षेच्या अधिकाऱ्यांनीं या लहानखुऱ्या, किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलें आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाहीं, या कारणावरून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. वय पुरें होतें, अभ्यास झालेला होता, पाय सोलवटून निघाले असतील. आणि निकाल लागला तो चेहऱ्यावरून. मुलगा आला तसा परत गेला.

बाळाजीस त्याच्या अक्षरावरून घेतलें. कर्व्यांस त्यांच्या अंगलटीवरून परत लावलें. कागदावर विश्वास ठेवण्याचें नवें युग सुरू झालें होतें, परंतु कागद तपासणारे डोळे अजून जुनेच होते.

कर्व्यांनीं पुढें कोल्हापुरास ती परीक्षा दिली. १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले, १८८४ सालीं मुंबईस बी. ए. झाले. शिकत असतांना ते शिकवण्या करून खर्च भागवीत, आणि पदवीनंतरही शाळांतून व खाजगी रीतीनें शिकवीतच राहिले. १८९१ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयास गणिताचा प्राध्यापक हवा होता, तेव्हां गोपाळ गणेश गोखले यांनीं त्यांस बोलाविलें. गोखले हे मुंबईच्या महाविद्यालयांतले त्यांचे सहाध्यायी. म्हणजे येथेंही कर्व्यांचें काम स्वतः पाहिलेला माणूस आंत होता. केवळ पदवीच्या ओळीनें हें घडलें असतें कीं नाहीं, कोण सांगणार? असो.

परीक्षेनें दार किलकिलें केलें, पण दारापर्यंतची वाट सर्वांस सारखी नव्हती. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं हीच तक्रार मांडिली. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या घामांतून येतो, आणि त्यांतून चालणारें वरचें शिक्षण व त्यामागून येणाऱ्या सरकारी जागा मात्र वरच्या जातींच्याच हातीं पडतात, असें त्यांचें म्हणणें. खेड्यांत शाळाच नसेल, तर ‘उत्तीर्ण’ ही ओळ लिहावयास मुलगा आणावा कोठून? पुढें १९०२ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढिला. अर्जाच्या कागदावर सर्व उमेदवार सारखे दिसतात, आणि प्रत्यक्षांत ते तसे नसतात, ही गोष्ट एका राज्यकर्त्यानें तरी हुकुमांत उतरविली.

दरम्यान जुन्नर-आंबेगांवचीं कितीतरी मुलें अर्ज न लिहितांच कामाला लागत होतीं. मुंबईच्या गिरणींत माणूस भरावयाचा अधिकार जॉबराचा. गांवाकडचा ओळखीचा कोणी जॉबरापुढें मुलास उभें करी. मग तो मुलगा ‘बदली’ म्हणून रोज सकाळीं फाटकापाशीं हजर राही, आणि कोणी गैरहजर असला तर त्याच्या मागावर उभा राही. हीही एक उमेदवारीच, फक्त शाईऐवजीं सुताची. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू असाच गिरणींत कामाला लागलेला तरुण. १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाची मालमोटार अडवितांना तो मुंबईंत तिच्याखालीं चिरडला गेला. त्याचें नांव आज त्याच्या तालुक्यांत सर्वांच्या तोंडीं आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांची रीत याहून ध्यानांत घेण्याजोगी आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं हें काम सुरू केलें असें मानतात, आणि त्यांतील बहुतेक माणसें मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर याच भागांतलीं. नवा मुलगा यावयाचा, तो नात्यांतला किंवा गांवांतला कोणीतरी आणतो. मुकादम त्याला पारखतो, आणि जुन्या माणसाच्या हाताखालीं तो वाटा आणि डब्यांवरच्या खुणा शिकतो. येथें दाखल्याची जागा गांवच्या माणसाच्या शब्दानें घेतली आहे. मुलानें कामांत कसूर केली, तर बातमी मुंबईंत राहत नाहीं, गांवच्या पारावर पोंचते. जामीन म्हणून हें कोणत्याही शिक्क्याहून बळकट. मात्र त्यांतही उणीव आहे. ज्याच्या गांवचा कोणी मुंबईंत नाहीं, त्याच्यासाठीं शब्द कोणी टाकावा?

दाखल्याची ओळ आणि हातांचें काम एकाच मुलाच्या पदरीं पडावें, हा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं केला. १९१९ सालीं त्यांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत मुलें शेतांत राबत, स्वयंपाक करीत आणि शिकत. ‘कमवा व शिका’ हें नांव त्याच रीतीचें. आज पुण्याच्या विद्यापीठांतही भाऊरावांच्या नांवानें ही योजना आहे. तिच्यांत विद्यार्थी ग्रंथालयांत, बागेंत, कार्यालयांत कांहीं तास काम करून पैसे मिळवितो. नवल असें, कीं यांतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थीदेखील अर्ज भरतांना अनुभवापुढें ‘नाहीं’ असेंच लिहितात. ग्रंथालयांत पुस्तकांची नोंद केली, तें काम, आणि तेंच एखाद्या कचेरींत केलें असतें तर तो अनुभव, असा कांहीं विचित्र भेद त्यांच्या मनांत बसलेला असतो. तो त्यांनीं स्वतः निर्माण केलेला नाहीं. शंभर-दीडशें वर्षें शाळेनें परीक्षेखेरीज दुसरें कांहीं मोजलें नाहीं, त्याचा हा ठसा.

पेठच्या त्या मुलाकडे आतां परत वळावें. त्यानें दोन हंगाम घरच्या बटाट्याची विक्री पाहिली आहे. आडत, हमाली, तोलाई वजा जातां हातीं काय येतें, याचा हिशेब त्याच्या वहींत आहे. शेजारच्या चार घरांचे पीकविम्याचे अर्ज त्यानेंच संगणकावर भरून दिले. सातबारा कसा वाचावा, हें बापापेक्षां त्याला अधिक कळतें. गणेशोत्सवाच्या मंडळाचा जमाखर्च गेलीं दोन वर्षें त्याच्याकडे आहे, आणि त्यावरून गांवांत भांडण झालेलें नाहीं. (ही शेवटची गोष्ट ज्यांनीं असे जमाखर्च पाहिले आहेत, त्यांस लहान वाटणार नाहीं.) यांतले प्रत्येक काम एका ओळींत मावतें: काय केलें, किती दिवस केलें, कितीजणांसाठीं केलें, आणि विचारल्यास खरें-खोटें सांगणारा माणूस कोण. बाळाजीच्या काळीं अक्षर बोलत होतें, उमेदवारींत रोजची हजेरी बोलत होती, डबेवाल्यांत गांवचा माणूस बोलतो. या चार ओळी त्याच जातीच्या आहेत. त्यांची जर ‘कृषि-व्यवस्थापनाचा प्रदीर्घ अनुभव’ अशी फुगवून एक ओळ केली, तर मात्र वाचणारा हंसेल, आणि मुलाखतींत पहिल्याच प्रश्नास तो फुगा फुटेल.

अक्षराची जागाही आतां दुसऱ्यानें घेतली आहे. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेस मराठी टंकलेखन मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द अशी अट असते, आणि २००१ सालीं सुरू झालेला संगणकाचा एम. एस.-सी. आय. टी. हा दाखला पुष्कळ घरांत मॅट्रिकच्या दाखल्यासारखा जपून ठेविलेला असतो. अर्जासोबतच्या कागदास लोक ‘बायोडाटा’ म्हणतात. तोच शब्द लग्नाच्या बाजारांतही चालतो. म्हणून कित्येक मुलें नोकरीच्या कागदावरही उंची, वर्ण आणि मामाचें कूळ लिहून पाठवितात. नोकरी देणाऱ्यास मामाशीं कर्तव्य नसतें. निदान नसावें.

बिनपगारी उमेदवारी मात्र पुरती गेलेली नाहीं. खाजगी पेढ्यांत ‘आधीं सहा महिने शिका, मग पाहूं’ असें म्हणणारे आजही भेटतात, आणि अशा ठिकाणीं तोच जुना प्रश्न उभा राहतो: सहा महिने खावयाचें काय? १९६१ च्या कायद्यानें कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांस विद्यावेतन देणें बंधनकारक केलें. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. तींत बारावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, आय. टी. आय. किंवा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये असें विद्यावेतन ठरलें. मुदत आरंभीं सहा महिन्यांची होती. कचेरीच्या कोपऱ्यांत बसून काम शिकण्याची ती जुनीच रीत, पण पोटाची सोय करून आणि वशिल्यावांचून. मुदत संपल्यावर पुढें काय, हा प्रश्न त्या मुलांनींही विचारला, आणि तो विचारण्याजोगाच होता.

मोडीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती सरकारी व्यवहारांतून आणि शाळांतून उठली, आणि ती वाचणारीं माणसें हळूहळू कमी होत गेलीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति शिंदे समिति नेमली गेली, तेव्हां जुने महसुली आणि शाळेचे कागद उलगडावे लागले, आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाला. ज्यांनीं केवळ हौस म्हणून सुट्टींत मोडीचा वर्ग केला होता, अशा तरुणांसही कचेरींतून बोलावणीं आलीं.